काढले की सोडले?

मांजरसुंब्याच्या चौफुल्यावर, धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या ढाब्यात राजीनामा सहसा कागदावर येत नाही. खांद्यावरचा पंचा गल्ल्यापाशी आपटला की तो झाला. मालकाचा तापटपणा नोकरी सोडायला पुरेसा असला, तरी कायद्याच्या कोष्टकात त्याला रकाना नाही. छळ सिद्ध करायचा सोडणाऱ्यानेच, आणि साक्षीदार त्याच मालकाच्या तंदूरशी उभे. नोकरकपातीची भरपाई ‘काढले’ तर मिळते, ‘सोडले’ तर नाही. म्हणून मुरलेले मालक काढत नाहीत, सोडायला लावतात.

केलेल्या कामाचा पगार मात्र कोणाची मेहेरबानी नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार तो राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असतो. ‘पुढच्या बाजाराला ये’ ही मुदत संहितेत सापडत नाही. दहा माणसांच्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काढली की ग्रॅच्युइटी लागू होते : शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असेल, तर पाच वर्षांचे ३७,५००. अशा मालकाकडे पाच वर्षे काढणाऱ्याला खरे तर शौर्यपदकच हवे, पण त्याची तरतूद नाही. भविष्य निर्वाह निधीची सक्ती वीस माणसांपासून. हजेरीची वही एकोणिसाव्या नावावर संपते.