टेसनवाले सर

बीडच्या प्रत्येक आळीत एक तरी टेसनवाले सर असतात. ते शाळेत शिकवत होते असंच काही नाही. कुणी तहसीलमधून निवृत्त झालेले, कुणी बँकेतून, कुणी जिनिंगमध्ये हिशेब लिहून डोळे घालवलेले. पण साठी उलटलेल्या, खिशाला दोन पेनं लावणाऱ्या आणि न विचारता माहिती देणाऱ्या माणसाला आमच्याकडं सरच म्हणतात.

ओळखायची खूण पायाशी आहे. पॅन्टच्या उजव्या पायाला, साखळीत अडकू नये म्हणून, लोखंडी क्लिप लावलेली असते आणि सायकलवरून उतरल्यावरही ती निघत नाही. लग्नाच्या पंगतीत क्लिप, दहाव्याला क्लिप, कलेक्टर कचेरीत निवेदन देतानाच्या फोटोतही क्लिप. खांद्याला शबनम. तिच्यात हवा भरायचा पंप, पंक्चरचं सोल्युशन, पाना आणि रेल्वेचं वेळापत्रक. हे वेळापत्रक कोणत्या सालचं ते पहिली पानं गेल्यामुळं कुणालाच सांगता येत नाही. आता सगळं मोबाइलवर दिसतं म्हणावं तर सर म्हणतात, ‘‘मोबाइलला आजची गाडी ठाऊक आहे. मला गाडीचा स्वभाव ठाऊक आहे.’’

सरांचा छंद एवढाच: मोठ्या शहरात एका स्टेशनावर उतरायचं, सायकल काढायची, शहर आडवं कापून दुसऱ्या स्टेशनावर जायचं आणि तिथून पुढची गाडी धरायची.

रेल्वे नसलेल्या गावात हा छंद लागला कसा, असं बाहेरगावचे पाहुणे विचारतात. अहो, नव्हती म्हणूनच लागला. दारात स्टेशन असलेला माणूस स्टेशनाचा विचार करत नाही. बीडकराला मात्र कुठं निघायचं तर आधी स्टेशन ठरवावं लागे. परळी की जालना, संभाजीनगर की नगर? मुलीला स्थळ बघावं तशी घरात बैठक बसायची. अंतर किती, एसटी किती वाजता, रात्री उतरलो तर चहा मिळेल का, माणसं कशी आहेत. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींचा होता. पुढं तो ४८०० कोटींवर गेला. गोपीनाथराव मुंडे तर आयुष्यभर या रेल्वेच्या मागं होते. दर निवडणुकीला गाडी एकदा भाषणात येऊन जायची आणि सर ती वेळेवर आली का उशिरा, याचीही नोंद ठेवायचे. ज्याच्या गावाला फलाट नाही तो फलाटावर बसून वाट तरी कशी बघणार? सरांनी मग दोन स्टेशनांमधल्या अंतराचाच अभ्यास धरला.

पूर्वी त्यांच्याकडं काळी ॲटलास होती. ती एसटीच्या टपावर चढायची, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा, आणि सर कुणाला हात लावू न देता स्वतः शिडी चढायचे. आता पोरानं घडीची सायकल घेऊन दिलीय. ती मधोमध दुमडते. सर ती सरकी पेंडीच्या पोत्यात घालतात आणि तोंड सुतळीनं आवळतात. पोत्याला गोठ्याचा वास असल्यामुळं डब्यात शेजारी कुणी फार वेळ बसत नाही. हा फायदा सरांनी हिशेबात धरलेला आहे.

टीसी येतो. पोत्याला बुटाचं टोक लावून विचारतो, ‘‘यात काय?’’

‘‘सायकल.’’

‘‘सायकल डब्यात न्यायची नसते, काका. ब्रेकव्हॅनमध्ये बुक करा.’’

‘‘साहेब, जी चालते ती सायकल. ही आत्ता चालते का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग लगेज झालं. वजन करा, बसायच्या जागेच्या खाली जातं का बघा, आणि मला सांगा कोणत्या नियमात बसत नाही ते.’’

असं म्हणून सर शबनममध्ये हात घालतात. त्यातून नियम निघणार की पाना, हे टीसीला कळत नाही. तो पुढच्या डब्यात जातो.

सरांची धाकटी लेक बडोद्याला दिलेली. त्यामुळं मुंबई वाटेवर, आणि मुंबई म्हणजे सरांची पंढरी. रात्रीची देवगिरी सकाळी दादरला थांबते. शहाणा माणूस तिथंच उतरतो, पूल चढतो, पश्चिमेच्या बाजूला उतरतो आणि लोकल धरतो. सरांना दादर नामंजूर. ‘‘दादरला काय आहे? पूल! पूल ओलांडायला मुंबईला कामून यायचं? आपल्या बीडच्या बिंदुसरेवर आहे की.’’

ते थेट सीएसएमटीला उतरतात. बाहेर जिथं टॅक्सीवाले अंगावर येतात, बरोबर तिथंच पोतं टेकवतात. टॅक्सीवाल्याला वाटतं, म्हातारा काही विकायला आला. सुतळीची गाठ सुटते. आधी हँडल निघतं, मग एक चाक, मग घडीतलं दुसरं. खटका बसतो, कडी लागते, सीट वर येते. एव्हाना भोवती पंधरा-वीस माणसं झालेली असतात आणि सरांचा हात मुद्दाम मंदावतो. पुढच्या चाकाची हवा अंगठ्यानं तीनदा दाबून बघतात. पोत्याची व्यवस्थित घडी करून कॅरिअरला लावतात. मग वर त्या इमारतीकडं बघून, जणू तिनंच निरोप दिल्यासारखी मान हलवतात आणि टांग मारतात.

काकू बॅगा घेऊन टॅक्सीनं जातात. संसारात पहिल्यापासून हीच वाटणी आहे: वजन काकूंकडं, अनुभव सरांकडं.

धोबीतलाव, ठाकूरद्वार, गिरगाव, ऑपेरा हाऊस, मग लॅमिंग्टन रोडनं सरळ मुंबई सेंट्रल. पाचेक किलोमीटरचा मामला. सकाळी सातला रस्ता मोकळा असतो तेव्हा काकू आधी पोचतात आणि सर म्हणतात, ‘‘मी बघत बघत आलो.’’ देवगिरी उशिरा आली आणि दहा वाजून गेले की सर आधी पोचतात. त्या दिवशी बडोद्याच्या जावयाला हे रात्री जेवताना एकदा आणि झोपताना एकदा ऐकावं लागतं.

सायन-वांद्र्याच्या आतल्या मुंबईत रिक्षा नाही, याचा सरांना मनापासून आनंद आहे. एक भिडू कमी. सागरी सेतूवर सायकलला मनाई आहे, हा मात्र त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. आणखी एक रस्ता त्यांचा आवडता: कुर्ला टर्मिनस ते वांद्रे टर्मिनस, बीकेसीतून. तिथं मध्यंतरी सायकलसाठी म्हणून वेगळा पट्टा काढला होता आणि त्याच्यावर मोटारी उभ्या असत. सर दर मोटारीपाशी थांबून काचेवर टकटक करीत. आत कुणी नसायचं. तरी करीत.

वाटेत कुणी सापडलाच, म्हणजे गिरगावातला चहावाला किंवा सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला, तर त्याला इतिहास मिळतो. एका शहरात दोन बाजूंना दोन टोकं का? तर पूर्वेची जीआयपी कंपनी वेगळी, पश्चिमेची बीबीसीआय वेगळी, आणि दोघींनी आपापला शेवट आपापल्या जागी केला. मुंबई सेंट्रल १९३० सालचं. ‘‘आणि आपल्या बोरीबंदराहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला गेली. तीच लाइन फिरत फिरत बीडला पोचायला एकशे बाहत्तर वर्षं लागली. आता सांगा, तुमची विरार लोकल दहा मिनिटं लेट झाली म्हणून तुम्ही ओरडता?’’ एवढ्यात सिग्नल सुटतो. स्कूटरवाला सुटतो.

हैदराबादचा मान वेगळा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात, त्यामुळं सरांच्या वडिलांच्या पिढीला कोर्टकचेरी आणि कॉलेजसाठी तेच मोठं शहर. तेव्हा मनमाडकडून येणारी मीटरगेजची गाडी काचीगुड्याला, ब्रॉडगेजची नामपल्लीला, आणि सिकंदराबाद आणखी पलीकडं. सरांनी काचीगुडा ते नामपल्ली कोठीवरून केलं, सुलतान बाजारात मराठीत रस्ता विचारला आणि उत्तरही मराठीतच आलं. तेव्हापासून ते हैदराबादला बीड जिल्ह्याचा लांबचा तालुका मानतात. पुण्यात मात्र त्यांनी सायकल पोत्यातून कधी काढली नाही. शिवाजीनगर ते पुणे स्टेशन ते गुमान बसनं जातात. ‘‘तिथं रस्ता सापडतो, पण सल्ले लई.’’

मग १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. मुक्तिसंग्राम दिन, आणि त्याच दिवशी बीड-अहिल्यानगर गाडीला हिरवा झेंडा. सगळं गाव मोटारसायकलींवर गावाबाहेरच्या नव्या स्टेशनाकडं लोटलं. सर सायकलवर. ढोल वाजले, हार पडले, म्हाताऱ्यांनी इंजिनाला हात लावून कपाळाला लावला. माझ्या शेजारी उभे असलेले सर गप्प होते. डोळे भरले असतील म्हणून मी खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाले, ‘‘सगळं खरं, पण इथं उतरून जायचं कुठं? गावात दुसरं स्टेशन न्हाई.’’

पुढं आठवडाभर ते जरा उतरलेलेच होते. वेळापत्रक हाती आल्यावर तरतरी आली. सुरुवातीला या गाडीला १६६ किलोमीटरला साडेपाच तासांच्या आसपास दिले होते. सरांनी पेन काढून भागाकार केला. ‘‘ताशी तीस! माझ्या ॲटलासचा उताराचा वेग.’’ पहिल्या फेऱ्यांपैकी एकीत ते नगरपर्यंत जाऊन आले. रायमोहा, विघनवाडी, अंमळनेर, न्यू आष्टी, कडा, नारायणडोह ही नावं आता ते डोळे मिटून म्हणतात, काकूंच्या हरिपाठाच्या वेळेतच. आष्टीला ‘न्यू’ कशाला लावलं यावर त्यांचं एक निवेदन तयार आहे.

पण खरा जीव आला तो रूळ बीडला येऊन संपल्यावर. पुढं परळीचा तुकडा बाकी! म्हणजे एक स्टेशन इथं, दुसरं परळी वैजनाथला, आणि मधे वडवणी, तेलगाव, सिरसाळा असं नव्वदच्या वर किलोमीटरचं अंतर, जे जोडायला कुणीतरी हवंच. सरांनी थंडीत पहाटे सायकल काढली. तेलगावच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी दोनदा रस्त्याच्या खाली घातलं. पुढं थर्मलच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा ऊन टळलं होतं. परळीला त्यांनी आधी वैजनाथाचं दर्शन घेतलं, मग फलाट तिकीट काढलं, चहा प्याले, आणि सायकल पोत्यात घालून एसटीनं परत आले. वहीत लिहिलं: ‘बीड-परळी जोडली.’ खाली सही, तारीख.

ही वही घेऊन ते हल्ली दारोदार फिरतात आणि कुणाचं मुंबईला काही काम निघालं का, याची चौकशी करतात. तुमच्याकडं आले आणि ‘‘चला, मी येतो सोबत’’ म्हणाले, तर नाही म्हणू नका. माणूस लाखाचा आहे, डबाही भरपूर आणतो. फक्त तिकीट दादरपर्यंतचं काढा, आणि ते गाडी सुटल्यावर दाखवा.