भिजत तिकीट

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मुलं कुणाला घाबरत असतील, तर नानांना. नाना ओरडत नाहीत, चेंडू जप्त करत नाहीत. नुसते जवळ येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "बाळ, तुला छंद कोणता?"

"मोबाइल" हे उत्तर चालत नाही. "काही नाही" हे त्याहून धोक्याचं, कारण मग नाना छंद लावतात. आजवर त्यांनी पोरांना पक्षिनिरीक्षण लावलं, पण यादी कबुतरांच्या पुढे सरकेना. बासरी लावली, ती बी विंगच्या विनंतीवरून थांबली.

सध्या पोस्टाची तिकिटं चालू आहेत. हा मात्र नानांचा घरचा विषय. उभी नोकरी आर.एम.एस.मध्ये गेली, रात्रीच्या गाडीच्या हलत्या डब्यात पत्रं खणाखणांत टाकत. आजही लग्नपत्रिका हातात आली की आत वधू कोण हे बघण्याआधी ते पिनकोड तपासतात.

पहिल्या रविवारी पार्किंगमधल्या सतरंजीवर अकरा मुलं आली. म्हणजे आणली गेली. मोबाइलपासून दूर बसलेल्या मुलांचे फोटो आयांनी मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकले. नानांनी अल्बम उघडला.

"हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. मॅग्यार म्हणजे हंगेरी. आता हे बघा, यावर देशाचं नावच नाही. का बरं?"

"विसरले असतील," आमची ओवी म्हणाली.

"अगं, विसरतील कसे? इंग्लंड आहे ते! जगातलं पहिलं तिकीट त्यांचं, १८४० सालचं. तेव्हा दुसऱ्या कुणाचं नव्हतंच, मग नाव कशाला घालतील? ती ऐट अजून चालू आहे. हं, हात नको! चिमट्यानं उचलायचं. थांब, चिमटा पण नको. तू नुसतं बघ."

नुसतं बघायचं तर घरी टीव्ही होताच. तिसऱ्या रविवारी दोन मुलं उरली, त्यातल्या एकाचा चेंडू नानांच्या मांडीखाली होता.

ओवी टिकली ती पाण्यामुळे. पाकिटाचा तिकिटाकडचा कोपरा कापायचा, कोमट पाण्याच्या पातेल्यात सोडायचा आणि वीस मिनिटं कळ काढायची. "घाई करायची नसते," नाना बजावत. डिंक सुटला की तिकीट आपसूक कागदावरून घसरतं. मग ते वर्तमानपत्रावर पालथं वाळवायचं. पापडासारखं वळतं, म्हणून वर जाडजूड पंचांग. पहिलं तिकीट घसरलं तेव्हा ओवी अशी किंचाळली, की तेवढं कौतुक अख्ख्या हंगेरीला मिळालं नव्हतं.

पण भिजवायला तिकिटं आणायची कुठून? बँकेच्या पाकिटांवर नुसते शिक्के. पोस्टकार्डावरचं तिकीट छापलेलंच, ते सुटणार कसं? शेवटी नानाच ओवीला पत्रं पाठवू लागले. तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर, पाच रुपयांचं तिकीट लावून, पोस्टाच्या पेटीतून. आत एवढंच: "चि. ओवीस अनेक आशीर्वाद. तिकीट ओढून काढू नये."

गेल्या रविवारी ओवीला जेवायला बोलवायला मी वर गेलो. नानांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर खास ठेवा निघाला होता. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं. साडेतीन आणे, तिरंगा, वर 'जय हिंद'. तेही नानांच्या वडिलांना आलेल्या पाकिटावर, त्याच दिवसाच्या शिक्क्यासकट. असं पाकीट अखंड असण्यातच त्याचं मोल, हे नाना सांगणार, इतक्यात दाराशी इस्त्रीवाला आला. हिशेबात दोन शर्टांचा घोळ होता. नाना आणि मी तो मिटवून परतलो.

पाकिटाला कोपरा नव्हता. पातेल्यात तिरंगा तरंगत होता.

"अजून बारा मिनिटं आहेत, नाना," घड्याळावरची नजर न काढता ओवी म्हणाली. "घाई करायची नसते."

नाना स्टुलावर बसले. बारा मिनिटं ते एक अक्षर बोलले नाहीत. सोसायटीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. माझी तर पातेल्यात बघायची छाती होईना.

तिकीट घसरलं. एकही दात न तुटता, अख्खं.

ओवीनं हात पुढे केला. "चिमटा?"

नानांनी खिशातून चिमटा काढला. जरा वेळ स्वतःच्याच हातात धरून ठेवला. मग तिला दिला.

"पालथं ठेव," ते म्हणाले, आणि पंचांग आणायला उठले.