बेचाळीस नंबर

"काय व वहिनी, एवढ्या उन्हात कोनाचा शर्ट घासून राहिली?"

"अव काकू, पोट्ट्यानं पाठीवर स्केचपेननं ४२ लिहिलं! शाळेत बेसबॉल शिकून राहिला नं. म्हणते, आज १५ एप्रिल, आज अमेरिकेत सगळे खेळाडू ४२ नंबर घालतात."

"सगळ्यायचा एकच नंबर? मंग कोन कोनता, कसं समजावं?"

"जॅकी रॉबिन्सनचा नंबर होय थो. मोठ्या लीगमंदी काळ्या मानसाले घेतच नव्हते. १९४७ साली याच तारखेले थो ब्रूकलिन डॉजर्सकून उतरला. लोकायनं शिव्या देल्या, पण गडी हटला नाई. १९९७ मंदी साऱ्या संघायनं त्याचा नंबर कायमचा बंद केला. तवापासून कोनत्याच नव्या खेळाडूले भेटत नाई. वर्षातून हा एक दिवस तेवढा सारे घालतात."

"काल बाबासाहेबायची जयंती, आज याचा दिवस. लागूनच आले व! पन आपला क्रिकेटवाला बाळू पालवणकर काय कमी होता? आमच्या सासऱ्याच्या तोंडून लय ऐकलं."

"कोन थो?"

"चांभार समाजातला. पुन्याच्या गोऱ्यायच्या क्लबात महिना चार रुपयांवर पिचची देखभाल करे. तिथं ग्रेग नावाच्या साहेबाले नेटमंदी बॉल टाकता टाकता असा फिरकीवाला झाला, का हिंदू संघाले त्याले घ्याच लागलं. मैदानात चाले, पन चहा मात्र बाहेर, अलग मातीच्या भांड्यात!"

"अव्वा! बॉल तं साऱ्यायच्याच हातून फिरते, थो नाई बाटला?"

"तेच तं! १९०६ मंदी हिंदूंनी इंग्रजायले हरवलं. १९११ मंदी इंग्लंडात बाळूनं शंभराच्या वर विकेटा काढल्या. तरी कप्तानी नाई देली. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मंदी कप्तान झाला, तवा कुठं घरात मान आला."

"म्हंजे रॉबिन्सनच्या कितीतरी आगुदर!"

"होय नं. अजून एक सांगू? १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत हाच बाळू काँग्रेसकून बाबासाहेबायच्या विरुद्ध उभा राह्यला."

"काय सांगता! मंग?"

"मंग काय, पडला. बाबासाहेब निवडून आले, बरंच झालं. पन बॉलिंगचं विचारशील, तं आपन बाळूच्याच पार्टीत!"