कळ दाबण्याआधी

माणूस स्वतःबद्दल काय सांगतो याइतकाच, सांगायला किती वेळ लावतो यावरही मानसशास्त्रज्ञांचा फार जुना डोळा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल युंग झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली इस्पितळात स्टॉपवॉच घेऊन बसत. ते एक शब्द उच्चारत, समोरच्यानं सुचेल तो शब्द सांगायचा. कुठे गाडी अडली की युंग ताडत, इथे काहीतरी ठसठसतंय. आता ते काम कॉम्प्युटर करतो, आणि तोंडावर कसलाही भाव न आणता करतो.

आपलं अंतरंग आता चव्हाट्यावर, असं वाटून घाम फुटतो. पण १९७२ साली एमएमपीआय ही स्वभाव तपासणारी जाडजूड प्रश्नावली कॉम्प्युटरवर घेऊन उत्तरांच्या वेळा तपासल्या, तेव्हा मोठा हात निघाला तो वाक्याच्या लांबीचा. लांबलचक वाक्य वाचायला वेळ लागतो, एवढंच! त्यात नकार पेरले की विचारायलाच नको.

माझा भाचा नोकरीसाठी अशी चाचणी देत होता. पडद्यावर आलं, 'मला राग येत नाही असे क्वचितच घडते.' त्यानं बाण 'सहमत'वर नेला, मागे आणला, बोटांवर नकार मोजले.

"काय रे, कुठे अडलास?" ताईनं स्वयंपाकघरातून विचारलं. त्यानं वाक्य वाचून दाखवलं.

"राग? नाकावर असतो की तुझ्या!"

ताईला सेकंदही लागला नाही. (नोकरी खरं तर तिलाच द्यायला हवी.) आईची मुलाबद्दल असते तशी पक्की समजूत स्वतःच्या एखाद्या गुणाबद्दल असली, की उत्तर झटकन येतं, हे हेझल मार्कस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. 'हा तर मीच' आणि 'छे, मी मुळीच नाही' ही दोन्ही उत्तरं पटकन येतात. रखडतो तो अधला-मधला माणूस. धड तापट नाही, धड शांत नाही. म्हणजे आपल्यातले बहुतेक.

वाक्यामागे दोन सेकंदही लावले नाहीत, तर ते वाचलंच नसावं असा संशय घेतात. ताईनं थालीपीठ तव्यावरून उतरवल्यावर भाचा त्या संशयाला पूर्ण पात्र झाला.

लबाडीचं गणित निराळं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातले रोनाल्ड होल्डन आणि त्यांचे सहकारी सांगतात, की साळसूदपणाचं सोंग घेतलेला माणूस अवगुण कबूल करताना रेंगाळतो आणि आजाराचं सोंग घेतलेला 'मला तसं काही होत नाही' म्हणताना. सोंगाशी न जुळणारं उत्तर जड जातं. मात्र त्याआधी त्या माणसाची मूळची चाल आणि त्या वाक्याला एरवी लागणारा वेळ, दोन्ही हिशेबात धरावे लागतात. ही सवलत मला फार आवडली. आपल्याकडे स्थळ पाहायला आलेल्या मंडळींनी ती कधी कुणाला दिली नाही. मुलगी थांबून बोलली की घुमी, पटकन बोलली की आगाऊ. आणि प्रश्न विचारणाऱ्या काकांचं वाक्य किती लांब होतं, हे कुणीच मोजलं नाही.