एकच चाल, दोन उमेदवार

आमच्या हिंगोली जिल्ह्यात एप्रिल महिन्यात वरात कोणती आणि प्रचारफेरी कोणती हे ओळखायचं असेल, तर आधी घोडा शोधावा. घोडा दिसला तर वरात. बाकी सगळं सारखंच: तोच डीजे, तोच जनरेटर, टेम्पोच्या टपावर चढलेली तीच पोरं आणि तेच ‘झिंगाट’. 2024 ची लोकसभेची निवडणूक आमच्याकडे 26 एप्रिलला आली, म्हणजे ऐन लग्नसराईत. डीजेवाल्याला सकाळी एका उमेदवाराची सुपारी, दुपारी दुसऱ्याची आणि संध्याकाळी नवरदेवाची. पेनड्राइव्ह बदलायला विसरला तर नवरदेव निवडून यायचा.

अशा दोन फेऱ्या चौकात समोरासमोर आल्या की बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या पोटात गोळा येतो. माझा अनुभव मात्र असा, की त्या क्षणी गाणंच पुष्कळदा भांडण टाळतं. दोन्हीकडची चाल एकच असते ना! इकडे ज्या जागी ‘भाऊ’ बसवलेला असतो, बरोबर त्याच जागी तिकडे ‘दादा’ बसवलेला असतो. तोंडानं कुणाचाही जयजयकार चालू असो, पाय ठेक्याचंच ऐकतात. ‘झिंगाट’ घेऊन ‘सैराट’ 2016 साली आला तेव्हा संगीतकार अजय-अतुल यांच्या डोक्यात आपलं गाणं शांतता समितीचं काम करील असं आलं नसणार. पण चाल ही गावाच्या गायरानासारखी असते. तिच्यावर सगळ्यांचीच जनावरं चरतात आणि कुंपण घालायची कुणाची हिंमत होत नाही.

ओळखीच्या चालीवर नवा मजकूर चढवायची ही युक्ती काही टेम्पोवरच्या पोरांनी काढलेली नाही. पैठणला एकनाथांनी वासुदेव, गोंधळी, जोशी ही दारोदार फिरणारी सोंगं उचलली आणि त्यांच्या तोंडी परमार्थ घातला. आमचे नामदेव तर नर्सीचे, म्हणजे घरचेच. त्यांनी कीर्तन घेऊन थेट पंजाब गाठला. पुढे सत्यशोधकांचे जलसे आले, आंबेडकरी जलसे आले. आणि वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेल्या या माणसानं गीतलेखनाची सुरुवातच एका हिंदी सिनेगीताच्या विडंबनातून केली आणि मग हजारो गाणी लिहिली. मला विचाराल तर मराठवाड्यात मताची किंमत सांगणारं खरं लोकप्रिय संगीत तेच. वस्तीवरच्या बाईला संविधान हा शब्द पुस्तकातून कळला नाही, रात्रीच्या गायनपार्टीतून कळला. ढोलकी आणि पेटीच्या साथीनं ऐकलेली गोष्ट विसरत नाही. 14 एप्रिलची आंबेडकर जयंती मतदानाच्या बाराच दिवस आधी होती. त्या रात्री रस्त्यावर जी गाणी वाजली त्यांत ‘मतदान करा’ असं कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती.

सरकारी गाण्याचं जरा वेगळं असतं. निवडणूक आयोगानं 2009 पासून मतदार जागृतीचा ‘स्वीप’ कार्यक्रम चालवलाय. 25 जानेवारी 2023 च्या राष्ट्रीय मतदार दिनी सुभाष घईंच्या फाउंडेशनकडून करून घेतलेलं ‘मैं भारत हूं’ हे गाणंही निघालं. हेतूबद्दल शंका नाही. पण गावपातळीवर उतरता उतरता या गाण्यांत ‘सुजाण नागरिक’, ‘पवित्र कर्तव्य’, ‘बळकट लोकशाही’ असे इस्त्रीचे कपडे घातलेले शब्द येतात आणि त्यांना काही केल्या नाचता येत नाही. तिकडे सेनेगलमध्ये 2011 च्या सुमारास ‘यां आ मार’ म्हणून रॅप गाणाऱ्या पोरांची आणि पत्रकारांची चळवळ उभी राहिली. दगड उचलू नका, मतदार कार्ड हेच हत्यार आहे, ते आदल्या रात्री पाजळून ठेवा, अशा अर्थाचं गाणं त्यांनी केलं आणि तरुणांना मतदार नोंदणीच्या रांगेत उभं केलं. त्यात कर्तव्य कुठे नव्हतं, खोडी होती. खोडीला ठेका बरोबर सापडतो.

आमच्याकडे अशा खोड्यांचा तुटवडा आहे असंही नाही. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणतात तेव्हा डफाच्या तालावर पाटलापासून पाहुण्यापर्यंत कुणाची खैर नसते. 2024 च्या मतदानावेळी होळी होऊन महिनाच झाला होता. प्रमाण मराठीतली जिंगल जीपवरून वाजवण्यापेक्षा तांड्यावरच्या चार बायांना त्यांच्या गोरमाटी बोलीत एक लेंगी रचायला सांगितली असती, तर तिनं उमेदवारांचीही हजेरी घेतली असती आणि मत न देणाऱ्या जावयाचीही. अर्थात अशा लेंगीला आचारसंहितेतून परवानगी मिळवणं हा एक स्वतंत्र विनोदी अंक झाला असता.

प्रचार मतदान संपायच्या 48 तास आधी बंद होतो. उमेदवारांचे भोंगे गप्प होतात आणि मग आयोगाच्या गाण्याला एकट्याला रान मोकळं मिळतं. नेमकं तेव्हाच कळतं, की गाणं माणसाला उंबऱ्याबाहेर काढू शकतं, पण पुढचं त्याच्या हातात नाही. पुण्या-हैदराबादला कामाला गेलेला पोरगा ठेक्यावर परत येत नाही, त्याला तिकिटाचे पैसे आणि बुडालेला रोज लागतो. आणि आत गेल्यावर? हिंगोली मतदारसंघात त्या वेळी 33 उमेदवार होते. शिवाय ‘नोटा’. एका मतदान यंत्रावर 16 बटणं मावतात, म्हणजे टेबलावर ओळीनं तीन यंत्रं. हे कुठल्याच गाण्यात नव्हतं. एवढा पसारा, आणि शेवटी वाजतं काय, तर एका सुरातलं लांबलचक ‘पींऽऽ’.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना ते सरकारी गाणं तोंडपाठ झालं होतं. केंद्राबाहेर चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोरासमोर त्यांनी ते ठेक्यात म्हणूनही दाखवलं. पोरगं यादीवर बोट फिरवत म्हणालं, “आज्जी, तुमचं नाव इथं नाही, पलीकडच्या शाळंत आहे.”

“मंग ते गाण्यात सांगायला काय झालं होतं रं?” म्हणत आजी डोक्यावरचा पदर सारखा करून उन्हात पलीकडच्या शाळेकडे निघाल्या.