आधी तिकडं वाढा

लग्नाच्या पंगतीत बादली घेऊन वाकलेला, सदरा घामानं पाठीला चिकटलेला आणि आपण पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून बुंदी सोडणारा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. आमच्याकडं त्याला नाना म्हणतात. तुमच्याकडं तो आप्पा असेल, तात्या असेल. आचारी पैसे घेतो, मांडववाला पैसे घेतो. हा घेत नाही, त्यामुळं याला काढूनही टाकता येत नाही.

आमचा नाना श्रीरामपूर तालुक्यातला. शाळेत आमच्याच बाकावरचा, म्हणून त्याला सहन करणं आमच्या नशिबी आलं. त्याचं शिक्षण कागदोपत्री दहावी. खरं झालं ते सराला बेटाच्या सप्ताहात. गोदावरीच्या पात्रातलं हे बेट. गंगागिरी महाराजांच्या त्या सप्ताहाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तो दरवर्षी वेगळ्या गावी बसतो. गावोगावच्या चुलींवर थापलेल्या भाकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात, चुलवणावरच्या कढईत माणूस उभा राहील एवढी आमटी रटरटते आणि पंगतीचं दुसरं टोक दिसत नाही. तिथं नानानं ओगराळं हातात धरलं, ते आजतागायत खाली ठेवलेलं नाही.

त्याचं ब्रीदवाक्य एकच. त्याच्यापुढं काहीही आणा, तो मान न वळवता बोट दाखवतो आणि म्हणतो, "आधी तिकडं वाढा."

स्वतःच्या लग्नात नवरदेवाच्या पानावर जिलबी आली, तेव्हा हा "आधी तिकडं" म्हणाला. वाढपी पोरगं नवखं होतं, तिकडं म्हणजे कुठं ते त्याला कळेना. नाना वैतागला, मुंडावळ्या मागं टाकल्या, परात काढून घेतली आणि वऱ्हाडाला जिलबी वाढून आला. वहिनी तेवढा वेळ घास हातात धरून बसल्या होत्या. पुढं नगरला त्याची अँजिओप्लास्टी झाली. सकाळी सिस्टरनं मऊ खिचडीची वाटी आणली. छातीला वायरी लावलेल्या या माणसानं शेजारच्या खाटेकडं बोट केलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्या दिवशी पोटात काही द्यायचं नव्हतं. त्याच्या बायकोनं नानाला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

गावच्या सोसायटीत याला बिनविरोध संचालक करायचं ठरलं होतं. फॉर्म पुढं सरकवला तर हा म्हणाला, "आधी तिकडं." ज्याच्याकडं बोट गेलं तो गृहस्थ सोसायटीवरून बाजार समितीवर गेला, तिथून आणखी वर सरकला, आणि आजही पहिल्या पंगतीत मांडी ठोकून बसलेला आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० साली लोणीला सहकारी कारखान्याचं धुराडं पेटवलं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात वाढणाऱ्यांचा तुटवडा कधी पडला नाही. पंगत उठवणारा मात्र अजून जन्माला यायचा आहे.

तर अशा माणसाला आम्ही मुंबई–गोवा क्रूझवर नेलं.

कल्पना आमच्या डॉक्टरची. तो एकदा परदेशात अशा जहाजावर जाऊन आला आणि तेव्हापासून पाण्याकडं निराळ्या नजरेनं बघतो. आम्हां नगरवाल्यांचा पाण्याशी संबंध म्हणजे कालव्याचं आवर्तन कधी सुटणार एवढाच. भंडारदरा आणि मुळा ही धरणं म्हणजे आमचे दोन महासागर. त्यामुळं बॅलार्ड पिअरला ती अकरा मजली पांढरी भिंत पाहून सगळेच जरा गप्प झाले. नाना म्हणाला, "एवढी माणसं जेवायला बसवायची म्हणजे आचारी किती लागत असतील रे?"

जहाज सुटायच्या आधी कवायत असते. भोंगा वाजतो, सगळ्यांना एका ठिकाणी जमवतात आणि जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. कर्मचाऱ्यानं नारिंगी जाकीट नानाच्या गळ्यात घालायला पुढं केलं. पुढचं तुम्हाला कळलं असेल. जहाज खरोखर बुडालं तर होडीत शेवटी कोण चढेल, याची आमच्या मनात शंका उरली नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला पहिल्या होडीत बसवा. मी यांची वाट बघायची नाही."

दुसऱ्या रात्री फॉर्मल डिनर. जहाजाचा सुटाबुटाचा हट्ट नव्हता, डॉक्टरचा होता. त्यानं ग्रुपवर आठ दिवस आधी सूचना टाकल्या होत्या: कोट, बंद बूट, मोबाइल खिशात, सुरी-काटे बाहेरून आत वापरत यायचे, रुमाल मांडीवर. ज्याच्या त्याच्या मुलीच्या लग्नातले सूट निघाले. काहींची बटणं लग्नानंतर परत भेटली नव्हती. नानानं बंद गळ्याचा कोट घातला आणि मांडीवर ठेवायचा तो पांढराशुभ्र रुमाल झटकून खांद्यावर टाकला. माझ्या मते सगळा घोटाळा तिथंच झाला.

जेवणाच्या दोन पाळ्या असतात हे ऐकून तो खूश झाला होता. "म्हणजे दोन पंगती. बरोबर आहे. आपण दुसरीला बसू." आम्हाला पहिली मिळालेली होती. तो नाखुशीनं बसला, पण खुर्चीच्या कडेवर, एक पाय बाहेर ठेवून. आमच्या गोल टेबलाला जो वेटर होता तो गोव्याचा, विशीतला, केस चापून बसवलेला पोरगा. त्यानं आधी बायकांकडून सुरुवात केली, आणि तीही प्रत्येकीच्या डाव्या बाजूनं. नाना बारकाईनं बघत होता. "डावीकडून का रे?" त्यानं विचारलं. वाढायचं डावीकडून, ताटली उचलायची उजवीकडून, अशी रीत आहे, पोरानं सांगितलं. नानानं मान डोलावली. एका घराण्याच्या गवयानं दुसऱ्या घराण्याचा आलाप ऐकावा तशी.

मग सूप आलं. प्रत्येकाचं वेगळं, आतूनच भरून. मग छोट्या ताटल्या आल्या, त्याही आतूनच भरलेल्या. एवढ्या मोठ्या पांढऱ्या बशीत मधोमध पनीरचे तीन चौकोन आणि कडेनं हिरव्या चटणीचा ओघळ.

"मग वाढतं कोण?" नानानं विचारलं.

"इथं वाढत नाहीत, सर. ताट आतून लागूनच येतं."

"आणि ज्याला आणखी पाहिजे त्यानं?"

"सांगायचं, सर."

"माणूस कधी सांगतो का?"

पोराकडं उत्तर नव्हतं. पंगतीचं सगळं शास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे. भुकेला माणूस "नको" म्हणणार, हे गृहीत धरूनच वाढप्या ओळीतून चालतो. मीठ आधी पडतं, मग चटणी, मग शाकभाजी; एक फेरी सगळ्यांना, दुसरी लाजणाऱ्यांना, तिसरी पोरांना. कुणाच्या पानातली पोळी संपत आली, कुणी भात कालवायचा थांबलाय, हे त्याला दुरून दिसतं. इथं शेकडो माणसं जेवत होती आणि एकाच्याही हातात बादली नव्हती. नाना अस्वस्थ झाला. त्याची नजर आमच्या टेबलावरच्या पावांच्या टोपलीवर गेली.

डॉक्टर वाइनबद्दल काहीतरी समजावत होता, त्यामुळं नाना उठल्याचं आमच्या उशिरा लक्षात आलं. तोवर खांद्यावर रुमाल, हातात टोपली असा तो चौथ्या टेबलापर्यंत पोचला होता. एका गुजराती कुटुंबातल्या आजींच्या ताटलीत पाव पडला होता, इंदूरच्या नव्या जोडप्याला "घ्या हो, लाजू नका, लांबचा प्रवास आहे" असा आग्रह चालू होता. बंद गळ्याचा कोट आणि तो रुमाल बघून लोकांनी त्याला मोठा अधिकारी समजून टाकलं. एकानं पाणी मागितलं, यानं आणून दिलं. एकानं लोणी मागितलं, ते यानं आमच्या टेबलावरून उचलून नेलं. कफ परेडचे वाटावेत असे एक गृहस्थ तर इतके प्रसन्न झाले की त्यांनी नानाच्या वरच्या खिशात शंभराची नोट सरकवली. नानानं ती परत येताना गोव्याच्या पोराच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाला, "त्या सातव्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला दात नाहीत. त्याला मऊ काहीतरी बघ."

मुख्य वेटर आला. फार अदबीनं, कोपराला हातही न लावता, त्यानं नानाला खुर्चीत बसवलं. ती कला माझ्या मते नानालाही शिकण्यासारखी होती. गोव्याचा पोरगा वही घेऊन उभा राहिला. आमची सगळ्यांची मागणी लिहून झाली होती.

"सर, तुम्हाला काय आणू?"

"आधी तिकडं."

"तिकडचं झालं, सर. सगळ्यांचं झालं. तुम्हीच राहिलात."

नाना गप्प. त्यानं कार्ड हातात घेतलं, पालथं केलं, परत उलटं केलं.

"तुम्हाला आवडतं काय, सर?"

आता हा प्रश्न अवघड नव्हे. मला विचारा, मी अकोले तालुक्यातल्या काळभातापासून सुरू करीन. पण नानानं आमच्याकडं पाहिलं आणि आम्ही एकमेकांकडं. कुणाला चहात साखर चालत नाही, कुणाला वांग्यानं खाज सुटते, १९८५ च्या कुठल्या लग्नात कोण किती जिलब्यांवर आडवा झाला, हे सगळं या माणसाला तोंडपाठ. त्याला काय आवडतं, हे टेबलावरच्या एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी वहिनींकडं पाहिलं.

"मला काय विचारता," त्या म्हणाल्या. "हे जेवतात तेव्हा मी झोपलेली असते. सकाळी भांडी रिकामी दिसतात, त्यावरून समजायचं."

शेवटी नाना म्हणाला, "जे उरलं असेल ते आण."

पोरगा गोंधळला. जहाजावर असा पदार्थ नसतो. त्यानं कार्डावर वरून खाली बोट फिरवून पाहिलं.

सूप निवत होतं. नाना टेबलावरची काट्याची जागा उगाच सारखी करत बोलू लागला, आणि तो सलग चार वाक्यं बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. घरोघरची मोठी माणसं खडी फोडायला जायची. त्या कामावर सुकडी वाटायचे. नाना रांगेत उभा राहायचा, आणि त्याच्या पुढं दोन-चार पोरं असतानाच पातेलं खरवडल्याचा आवाज यायचा. "तो आवाज आला की कळायचं, आज काय खरं नाही," तो म्हणाला. "वाढणारा म्हातारा रडायचा. मला त्याच्याकडं बघून वाटायचं, हा जेवला का?" मग एकदम हसून म्हणाला, "रेशनला ती लाल मिलो ज्वारी यायची ना, अमेरिकेची? ती पण असल्याच जहाजातून आली असणार मुंबईला. तवा जहाजानं वाढलं, आता जहाजच विचारतंय काय आवडतं. काय सांगू मी याला?"

डॉक्टरनं चष्मा पुसला. पण आमचा ग्रुप फार वेळ गंभीर राहणारा नाही. पहिली चाल वहिनींनी केली. स्वतःच्या ताटलीतले दोन चौकोन उचलून नानाच्या पुढ्यात टाकले. मग मी माझा बटाटा दिला. तो मला नकोच होता. डॉक्टरनं सुरी-काट्याचे सगळे नियम गुंडाळून हातानं नान तोडून वाढला. नानानं ताटलीवर दोन्ही हात आडवे धरले. "बास, बास, बास की राव!" चाळीस वर्षं आम्ही हेच ओरडत आलो आणि यानं कधी ऐकलं नव्हतं. आम्हीही ऐकलं नाही. बोटांच्या फटीतून गुलाबजाम कसा सोडायचा, हे त्याच्याकडूनच शिकलेलो होतो. गोव्याचा पोरगा जरा वेळ बघत राहिला आणि मग आत जाऊन डाळीचं आख्खं भांडंच घेऊन आला.

निष्कर्ष असा निघाला की नानाला साधी पिवळी डाळ आवडते. तीन वाट्या. हे शोधायला आम्हाला अरबी समुद्रात जावं लागलं.

परतल्यावर माणूस सुधारेल अशी आशा होती, ती फोल ठरली. बुफेबद्दल त्याचं मत तर आणखी कडवट झालं आहे: "स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं तर घरी काय वाईट होतं?" जहाजाच्या भटारखान्याची त्यानं विचारपूस केली होती, आणि आता जो भेटेल त्याला तो सांगतो की ठीक आहे, पण शिर्डीच्या प्रसादालयात ७३ सौर तबकड्यांवर वाफ करून शिजवतात, त्याची सर नाही.

गोव्याच्या पोराला मात्र त्यानं सप्ताहाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं, आणि पोरगं सुट्टीत खरंच आलं. नानानं त्याला मानानं पहिल्या पंगतीत, सरपंचाशेजारी बसवलं. त्याच्या पानावर भाकरी पडली, आमटी आली. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, "आधी तिकडं" म्हणाला आणि उठला. कुणी काही म्हणायच्या आत बादली त्याच्या हातात होती. आमच्याकडं वाढप्या समोरून येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पंगतीच्या मागून, प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावरून वाकत निघाला, आणि अख्खी ओळ आमटी पाठीमागून कशी येतेय म्हणून माना वळवून वळवून बघायला लागली. नाना समोरून ओरडत होता, "आरं सरळ बसा, तीच रीत हाय!"