तटस्थ परीक्षक पाहिजे

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेचं परभणी हे एक केंद्र. तिथं परीक्षक बाहेरगावाहून बोलावतात. म्हणे त्यांना नाटकातलं कळतं. असला पोरकटपणा शेजारच्या पिंगळीसारख्या गावाला परवडत नाही. गणपतीतली रांगोळी स्पर्धा म्हणजे काय नाटक आहे?

इथं परीक्षक तीन. एक या पार्टीचा, एक त्या पार्टीचा, तिसरा तटस्थ, म्हणजे दोन्हीकडे सोयरीक असलेला. ज्याला ठिपके मोजता येतात त्याचं नाव आधीच खोडावं. असा माणूस रांगोळी बघून गुण देण्याची भीती असते. बॅनरवरचे फोटो मात्र मापानं सारखे हवेत. मागं एकाचा फेटा दोन बोटं वर गेला, तर सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत बोलणं बंद.

आमची नम्र सूचना: निकाल आदल्या रात्रीच लावावा. बायाबापड्यांचं पहाटेचं उठणं वाचेल, रंगाचा खर्चही.

यंदा शाल-श्रीफळ आणि मनोगतं दुपारपर्यंत चालली. तेवढ्यात एक शेळी पहिल्या नंबरच्या रांगोळीवरून चालत गेली. ती कोणत्या पार्टीची, याची चौकशी तटस्थ परीक्षकांकडे सोपवली आहे.